ग्राहकनिष्ठा योजना

ग्राहकाने पुन्हापुन्हा आपल्याच दुकानात यावे म्हणून खरेदीच्या प्रमाणात पॉइंट, कूपन किंवा खास भाव देण्याची किरकोळ व्यापारातील पद्धत. बोलण्यात तिला ‘मेंबरशिप कार्ड’ किंवा नुसते ‘पॉइंट’ म्हणतात. कार्डाची जागा आता बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबराने घेतली आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये निघालेल्या सहकारी भांडारात सभासदाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा मिळे. तो त्याच्या हक्काचा पैसा होता. अमेरिकेत १८९६ मध्ये स्थापन झालेल्या स्पेरी अँड हचिन्सन कंपनीच्या ‘ग्रीन स्टँप्स’ योजनेत हा हक्क उरला नाही. दुकानदार कंपनीकडून तिकिटे विकत घेई आणि खरेदीच्या प्रमाणात ग्राहकाला देई. ग्राहक ती वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात वस्तू नेई. तिकिटांचा खर्च अर्थातच दुकानदाराला मालाच्या विक्रीतूनच भरून काढावा लागे.

आजच्या योजनांचा साचा घडवला तो ब्रिटनमधील टेस्कोच्या क्लबकार्डाने (१९९५). एका पौंडाच्या खरेदीवर एक पॉइंट, आणि पॉइंटची किंमत एक पेनी, म्हणजे सूट एक टक्का. एवढ्या सुटीच्या बदल्यात कोणते घर केव्हा काय विकत घेते, याची नोंद दुकानाला मिळाली. एडविना डन आणि क्लाइव्ह हंबी यांच्या ‘डनहंबी’ या संस्थेने या नोंदींचा अभ्यास करून प्रत्येक घराला वेगळी कूपने पाठवणे शक्य केले. ग्राहकाने दिलेली खरी किंमत ही माहितीच आहे.

योजनेचा खरा लाभ मोजायचा तर पॉइंटांचा आकडा विसरून बिलावरची टक्केवारी काढावी. समजा, १०० रुपयांना एक पॉइंट मिळतो आणि पॉइंटची किंमत ६० पैसे आहे. पाच हजारांच्या किराण्यावर ५० पॉइंट, म्हणजे ३० रुपये जमतात. सूट पाऊण टक्काही होत नाही. तीच तूरडाळ नाक्यावरच्या वाण्याकडे किलोमागे आठ रुपयांनी स्वस्त असेल, तर चार किलोंतच हा सगळा लाभ बुडतो. म्हणून जिथून माल एरवीही घेतलाच असता, तिथलेच पॉइंट लाभाचे. पुढच्या टप्प्याला शंभर रुपये कमी पडतात म्हणून नको असलेली वस्तू टोपलीत टाकणे हा तोटाच. ठरावीक दिवशी दुप्पट पॉइंट असले, की लागणारा टिकाऊ माल त्या दिवशी भरणे मात्र शहाणपणाचे.

पॉइंट साठवून ठेवणे सहसा चुकीचे. त्यांवर व्याज नाही, मुदत संपते आणि नियम दुकान बदलू शकते. क्लबकार्डाची कूपने भागीदार ठिकाणी वापरल्यास तिप्पट किमतीची धरली जात. जून २०२३ पासून ती दुप्पटच धरली जाऊ लागली. न वापरलेले पॉइंट कंपनीच्या हिशेबात देणे म्हणून असतात, आणि ते मुदतीत वापरले गेले नाहीत तर त्यांचा फायदा कंपनीला होतो.

फक्त सभासदांना दिले जाणारे खास भाव हा पुढचा प्रकार. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२४ मध्ये सुमारे ५० हजार वस्तू तपासल्या, तेव्हा ९२ टक्के वस्तूंवरची बचत खरी निघाली. तरीही सभासदांचा भाव दरवेळी बाजारातला सर्वांत स्वस्त नसतो, म्हणून इतर दुकानांतही भाव पाहावेत, असा सल्ला त्याने दिला.

भारतात शॉपर्स स्टॉपची ‘फर्स्ट सिटिझन’ (१९९४) ही जुनी योजना. या साखळीचे पहिले दुकान १९९१ मध्ये अंधेरीत उघडले होते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘टाटा न्यू’ या ॲपमध्ये एका न्यूकॉइनची, म्हणजे पॉइंटची, किंमत एक रुपया ठेवली आहे. हिशेब असा उघड असावा. याउलट २००२ मध्ये पवईत सुरू झालेल्या डीमार्टने पॉइंटांऐवजी छापील किमतीपेक्षा रोज कमी भाव हा मार्ग धरला. किराण्यापुरता तो ग्राहकाला अधिक सोयीचा आहे, कारण सूट त्याच बिलात हाती येते.

बिल करताना मोबाइल नंबर मागितला जातो, तो देणे ऐच्छिक आहे. नंबरासाठी अडवणूक करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना दिली आहे.