दीड हजार व्होल्टांचा अंमल

सातवी-आठवीच्या वर्गात विद्युतधारेचा पाठ सुरू झाला म्हणजे फळ्यावर एक घट, एक दिवा आणि त्यांना जोडणारी तार एवढेच चित्र उमटते. परंतु ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील मुले ज्या तारेखालून रोज शाळेला जातात, तिच्या इतिहासात हा सगळा पाठ, दाब, धारा आणि रोध या तिन्ही राशींसह, इतक्या विशद रीतीने साठविलेला आहे की, तो याच मुलखातील दाखल्यांनी शिकविला जावा, असे मला मनापासून वाटते.

16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणास पोहोचली, आणि तेथून लोहमार्गाला दोन फाटे फुटले: एक थळ घाटाने इगतपुरीकडे जाणारा, दुसरा बोर घाटाने पुण्याकडे. सदतीस फुटांमागे एक फूट चढणाऱ्या त्या घाटांत वाफेच्या इंजिनांची दमछाक होई आणि बोगदे धुराने कोंदून जात, तेव्हा हा लोहमार्ग चालविणाऱ्या जी.आय.पी. कंपनीने विजेची तजवीज केली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि 1930 पर्यंत तारा कल्याणवरून पुढे पुणे व इगतपुरी येथपर्यंत गेल्या.

वीज दोन वाटांनी येई. टाटांनी 1915 मध्ये खोपोलीस आणि 1922 मध्ये भिवपुरीस सह्याद्रीचे पाणी खाली सोडून जनित्रे फिरविली होती. शिवाय कंपनीने 1929 च्या सुमारास ठाकुर्लीजवळ, चोळे गावच्या हद्दीत, कोळशावर चालणारे स्वतःचे वीजघर बांधले, जे 'चोळा पॉवर हाऊस' या नावाने पंचक्रोशीत प्रसिद्ध झाले आणि ऐंशीच्या दशकात बंद पडेपर्यंत लोकलगाड्यांना वीज पुरवीत राहिले. खोपोलीचा नळ मुलांना अवश्य सांगावा: सुमारे 1,700 फुटांवरून पडणाऱ्या पाण्याची उंची म्हणजे विद्युद्दाब, त्या नळातून क्षणोक्षणी वाहणारे पाणी म्हणजे विद्युतधारा, आणि यंत्राला मिळणारी शक्ती या दोहोंच्या गुणाकाराएवढी.

परंतु पाणी एकदा खाली गेले की गेले. वीज मात्र जेथून निघाली तेथे परतलीच पाहिजे. वीजघराची वीज घेऊन तारेला पुरविणाऱ्या उपकेंद्रातून निघालेली धारा वरच्या तारेत जाते, गाडीच्या टपावरील पेंटोग्राफमधून मोटारींत उतरते, चाकांवाटे रुळांत शिरते आणि रुळांच्या वाटेने उपकेंद्राकडे परत येते. फळ्यावरच्या दिव्याची दुसरी तार ती हीच.

ही धारा दिष्ट होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, आणि तिचा दाब 1,500 व्होल्ट होता. वीजघरातील प्रत्यावर्ती, म्हणजे आलटून पालटून दिशा बदलणारी, वीज उपकेंद्रांतील यंत्रे दिष्ट करून देत, कारण जड गाडी जागची हलविण्याचे काम त्या काळी दिष्ट धारेवरच्या मोटारी उत्तम करीत. या निवडीची किंमत मात्र भारी होती. एखाद्या गाडीला 30 लाख वॅट शक्ती हवी आहे असे धरले, तर 1,500 व्होल्टांवर 2,000 अँपिअर धारा लागते. 25,000 व्होल्टांवर तेच काम 120 अँपिअरमध्ये भागते. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, त्याच रोधाच्या तारेत 1,500 व्होल्टांवर ही नासाडी पावणेतीनशे पटींहून अधिक होते! म्हणूनच दीड हजारांच्या अमलात तारा जाड घ्याव्या लागत आणि उपकेंद्रे काही किलोमीटरांवर एक अशी दाटीने उभारावी लागत. 25,000 व्होल्टांना ती 40-50 किलोमीटरांवर पुरतात.

1957 मध्ये भारतीय रेल्वेने 25,000 व्होल्टांची प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली, आणि पुढे ती भुसावळकडून इगतपुरीपर्यंत आली, तेव्हा दोन पद्धतींची शीव तेथे पडली. कितीएक वर्षे गाड्यांना तेथे इंजिन बदलावे लागे. दीड हजारांवरून 25,000 व्होल्टांवर जाणे मुंबईच्या उपनगरांत सर्वांत कठीण, कारण जास्त दाबाच्या तारेला पुलांखाली अधिक मोकळी जागा हवी आणि काम तर रोजची लोकल चालू ठेवूनच करावयाचे. दोन्ही पद्धतींवर धावणाऱ्या गाड्या आधी आणल्या गेल्या, तारा धरणारे आखूड विद्युत्‌रोधक काढून लांब बसविले गेले, आणि जून 2015 मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील काम पुरे झाले. एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गही बदलला.

फलाटावर उभे राहून हे लांब विद्युत्‌रोधक मुलांना दाखवावेत आणि त्याच वेळी एक गोष्ट बजावून सांगावी. दाब इतका वाढल्यामुळे आता तारेला हात लागण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. जवळ गेलेल्या देहाकडे ठिणगी हवेतूनच झेप घेते, आणि टपावर चढलेली कितीतरी पोरे अशीच दगावली आहेत. या तारेपासून निदान 2 मीटर दूर राहावे असा रेल्वेचा नियम आहे. दप्तर, छत्री किंवा हातातील काठीही त्या अंतरात जाऊ देऊ नये.