रूपक की उपसृष्टी? इंग्रजी अद्भुतकथेतील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास

इंग्रजी साहित्यात ख्रिस्ती श्रद्धा आणि अद्भुत कथा यांचे नाते जुने असले, तरी आजच्या वाचकाला ओळखू येणारे त्याचे रूप विसाव्या शतकात ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या दोन अध्यापकांच्या मैत्रीतून आणि मतभेदातून घडले. सी. एस. लुइस आणि जे. आर. आर. टोल्किन हे दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते, दोघेही जुन्या भाषांचे व साहित्याचे अभ्यासक होते आणि परीकथा ही केवळ लहान मुलांची गोष्ट नव्हे, याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती. परंतु कथेत श्रद्धेला जागा कुठे द्यायची, दर्शनी भागात की पायात, या प्रश्नावर त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही. त्यांच्यानंतर विज्ञानकथा लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला.

लुइस आणि टोल्किन यांच्यामागे दोन निरनिराळ्या परंपरा होत्या. पहिली रूपककथेची, म्हणजे जिच्यातले प्रत्येक पात्र आणि प्रत्येक ठिकाण एखाद्या गुणाचे, दोषाचे किंवा तत्त्वाचे नाव धारण करून वावरते अशा कथेची. भांडी दुरुस्त करत हिंडणारा जॉन बन्यन विनापरवाना धर्मोपदेश केल्याबद्दल बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे राहिला आणि १६७८ मध्ये त्याचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ प्रसिद्ध झाले. त्यातला ख्रिस्ती नावाचा यात्रेकरू पाठीवर पापाचे ओझे घेऊन निराशेच्या दलदलीतून स्वर्गीय नगरीकडे निघतो. मराठी वाचकांना हे पुस्तक परके नाही, कारण हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ या नावाने ते मराठीत आणले आणि मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना त्या भाषांतराचा उल्लेख आजही करावा लागतो. दुसरी परंपरा जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकाची. मॅकडोनाल्ड हे अरंडेल येथील मंडळीचे पाळक होते. देवाची प्रीती शेवटी कोणालाच टाकून देणार नाही, असा त्यांच्या शिकवणीचा रोख असल्याने मंडळीने त्यांचे वेतन कमी केले आणि १८५३ मध्ये त्यांनी पाळकपण सोडून लेखणीवर चरितार्थ सुरू केला. त्यांच्या १८५८ सालच्या ‘फँटॅस्टीस’ या कादंबरीत कोणत्याही पात्रावर तत्त्वाची चिठ्ठी चिकटवलेली नाही. नायक सकाळी जागा होतो तेव्हा त्याच्या खोलीतले पाण्याचे भांडे ओसंडून वाहत असते, त्या पाण्याचा ओहोळ होतो, गालिच्यावरची वेलबुट्टी खरी पाने-फुले होते आणि तो ओहोळ त्याला परीलोकात घेऊन जातो.

हीच कादंबरी १९१६ मध्ये लुइस यांनी एका रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या टपरीवर विकत घेतली. तेव्हा ते विद्यार्थी होते आणि पक्के नास्तिक होते. आपल्या बुद्धीच्या फार आधी आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा त्या वाचनाने झाला, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आत्मचरित्रात दिली. बुद्धी वळायला पंधरा वर्षे लागली. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मॉडलिन महाविद्यालयाच्या आवारातल्या नदीकाठच्या पायवाटेवर लुइस, टोल्किन आणि त्यांचे मित्र ह्यूगो डायसन फिरत होते आणि विषय होता मिथकांचा. बाल्डर, अडोनिस, ओसायरिस अशा मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या कथा सुंदर असल्या तरी खोट्या आहेत, मग ख्रिस्ताचीच तेवढी खरी का मानायची, हा लुइस यांचा आक्षेप होता. मिथके खोटी नसतात, त्यांत सत्याचे कवडसे असतात आणि ख्रिस्ताची कथा हे इतिहासात प्रत्यक्ष घडलेले मिथक आहे, असे टोल्किन यांचे उत्तर होते. ज्या परंपरेत ‘इतिहासपुराण’ हा जोडशब्दच रूढ आहे, तिच्यात वाढलेल्या वाचकाला हे उत्तर तितकेसे धक्कादायक वाटणार नाही. लुइस यांना मात्र ते निर्णायक ठरले आणि काही दिवसांतच, भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय पाहायला जात असताना, ख्रिस्त हा देवाचा पुत्र आहे, हे त्यांना पटले.

या मैत्रीभोवती ‘इंकलिंग्ज’ नावाची मंडळी जमली. गुरुवारी रात्री लुइस यांच्या महाविद्यालयातल्या खोल्यांत ते भरत, चहा होई, पाइप पेटत आणि कोणीतरी आपले अपुरे हस्तलिखित वाचायला काढी. मंगळवारी सकाळी हीच मंडळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या गुत्त्यात बिअरचे पेले घेऊन गप्पा मारत बसत. धर्मप्रसाराची संघटना वगैरे ती मुळीच नव्हती. सभासद बहुतेक ख्रिस्ती असले तरी टोल्किन कॅथलिक आणि लुइस अँग्लिकन होते, शिवाय टीका इतकी मोकळी असे, की टोल्किन यांचे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ डायसन यांना अगदी नकोसे झाल्यामुळे ते आले की त्याचे वाचन बंद ठेवावे लागे. श्रद्धेत एकमत आणि अभिरुचीत भांडण, ही त्या बैठकीची खरी ताकद होती.

आपल्याला आवडतील अशा कथा कोणी लिहीत नाही, तेव्हा त्या आपणच लिहाव्यात, असे दोघांनी १९३६ च्या सुमारास ठरवले आणि लुइस यांच्याकडे अवकाशप्रवास, तर टोल्किन यांच्याकडे कालप्रवास आला. टोल्किन यांची कथा अपुरी राहिली. लुइस यांची ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर विज्ञानकथेवर एच. जी. वेल्स आणि ओलाफ स्टेपलडन यांची छाप होती आणि मानवजातीने ग्रहामागून ग्रह व्यापत टिकून राहणे हेच अंतिम श्रेय, असा एक विचार त्या लेखनातून आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या निबंधांतून पसरत होता. लुइस यांनी त्यालाच उलटे केले. त्यांच्या कथेतला भाषाशास्त्रज्ञ रॅन्सम मंगळावर नेला जातो तेव्हा त्याला अवकाश काळे व रिकामे न दिसता प्रकाशाने ओसंडलेले दिसते. मंगळावरचे जीव पापात पडलेलेच नाहीत, आणि पृथ्वीच्या अधिपती देवदूताने बंड केल्यामुळे तीच एकटी विश्वसंवादातून तुटून मुकी झालेली आहे. आलेल्या साठेक परीक्षणांपैकी केवळ दोनच परीक्षणकारांना यामागची बायबलमधली पतनाची कल्पना ओळखता आली, असे लुइस यांनी एका पत्रात नोंदवले असून, कथेच्या आडून वाचकांच्या मनात वाटेल तेवढे धर्मशास्त्र नकळत उतरवता येईल, असा मिस्कील निष्कर्षही काढला आहे. हॉल्डेन यांच्या नजरेतून मात्र ते सुटले नाही. १९४६ मध्ये त्यांनी लुइस यांच्या अवकाशकादंबऱ्यांवर कडक टीकालेख लिहिला. 

टोल्किन यांनी आपली भूमिका मार्च १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथेवर दिलेल्या व्याख्यानात मांडली. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा घडवला, म्हणून माणूसही घडवणारा झाला. तो जे दुय्यम जग रचतो त्याला टोल्किन यांच्या संज्ञेचा आधार घेऊन ‘उपसृष्टी’ म्हणता येईल. ही उपसृष्टी आपल्या नियमांनी स्वयंपूर्ण असली पाहिजे आणि बाहेरच्या शिकवणीचे तिने ओझे वाहता कामा नये. सर्व आशा संपल्यावर अनपेक्षितपणे होणाऱ्या शुभ उलथापालथीसाठीही त्यांनी एक नवा शब्द घडवला आणि ख्रिस्ताचे पुनरुत्थान हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण मानले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, म्हणूनच त्यातून पंथ आणि पूजाविधी काढून टाकले, असा खुलासा त्यांनी १९५३ मध्ये एका जेझुइट मित्राला लिहिलेल्या पत्रात केला. एवढ्या प्रचंड कथेत देऊळ नाही, पुरोहित नाही. फारामिर या सरदाराचे सैनिक जेवणाआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभे राहतात, तेवढीच काय ती उघड प्रार्थना.

उलट लुइस यांच्या नार्नियामालेत, जिचे सात भाग १९५० पासून १९५६ पर्यंत दरवर्षी एक असे निघाले, अस्लान नावाचा सिंह एका विश्वासघातकी मुलाच्या बदल्यात दगडी चौथऱ्यावर मरतो आणि पहाटे पुन्हा उठतो. टोल्किन यांना ही माला मनापासून नावडली. हे रूपक नव्हे, असा लुइस यांचा बचाव होता: प्राण्यांच्या एखाद्या जगाला तारणाची गरज पडली असती, तर देवपुत्राने तिथे कोणते रूप घेतले असते, एवढीच ही कल्पना आहे. हा भेद पोकळ नाही आणि पहिल्या भागात तो टिकतोही, कारण अस्लानच्या आयाळीत बोटे रुतवून रडणाऱ्या दोन मुली कोणत्याही तत्त्वाच्या दासी वाटत नाहीत. शेवटच्या भागात मात्र लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांत रमलेली सूझन, त्या दोघींपैकीच एक, नार्नियातून वगळली जाते. तिथे प्रवचनकाराने कथाकाराला मागे ढकलले आहे, आणि त्या भागाला कार्नेगी पदक मिळाले म्हणून हा दोष पुसला जात नाही.

अमेरिकेतल्या विज्ञानकथेत या वादाला वेगळी वाट मिळाली. मॅडलीन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’ला १९६३ मध्ये न्यूबेरी पदक मिळाले, तरी अंधाराशी झुंजणाऱ्यांच्या यादीत येशूच्या जोडीला बुद्ध आणि गांधी आले म्हणून काही कर्मठ ख्रिस्ती गटांनी त्या पुस्तकावर बंदीची मागणी केली. पण याहून महत्त्वाची ठरते ती वॉल्टर मिलर यांची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानातून गेलेल्या मिलर यांनी इटलीतल्या मोंटे कॅसिनोवरच्या हल्ल्यात भाग घेतला होता, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथे जमीनदोस्त झालेला मठ संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापलेला होता. १९४७ मध्ये ते कॅथलिक झाले. त्यांच्या कादंबरीत अणुयुद्धानंतर चवताळलेल्या जमावांनी शास्त्रज्ञ आणि पुस्तके दोन्ही जाळली आहेत आणि वाळवंटातल्या एका मठात संन्यासी उरलेले कागद अर्थ न कळता जपत आहेत. फ्रान्सिस नावाच्या उमेदवार संन्याशाला एका गाडलेल्या तळघरात मठाच्या संस्थापकाने लिहिलेली वाणसामानाची चिठ्ठी आणि विद्युतमंडलाचा एक आराखडा सापडतो. चिठ्ठी पवित्र अवशेष ठरते. आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीने सजवलेली नक्कल करण्यात फ्रान्सिसची पंधरा वर्षे जातात, आणि ती पोपना दाखवायला नेताना वाटेवरचा दरोडेखोर नेमकी नक्कल हिसकावून घेऊन मूळ कागद त्याला परत देतो. येथे श्रद्धा लपवलेलीही नाही आणि शिकवलेलीही नाही, ती हाताने करायचे काम होऊन बसली आहे, आणि त्या कामाची थट्टा व त्याबद्दलचा आदर एकाच वाक्यात ठेवण्याची जी हातोटी मिलर यांना साधली, ती लुइस यांनाही क्वचितच साधली.

टोल्किन यांनी मात्र श्रद्धा किती खोल पुरली होती, हे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांतल्या कालगणनेवरून कळते. मुद्रिका घेऊन निघालेली मंडळी रिव्हेंडेल सोडते तो दिवस २५ डिसेंबर, म्हणजे नाताळ. मुद्रिका ज्वालामुखीत नष्ट होते तो २५ मार्च, म्हणजे गॅब्रिएल देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिल्याचा सण, जो मध्ययुगीन समजुतीप्रमाणे वधस्तंभाचाही दिवस होता आणि ज्या दिवशी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत सुरू होत असे. मुख्य कथेत या योगायोगाचा एका शब्दानेही निर्देश नाही. टोल्किन सोसायटी २००३ पासून याच तारखेला ‘टोल्किन वाचन दिन’ पाळते. तारीख निवडण्याचे कारण मात्र मुद्रिकेचा दुष्ट स्वामी सॉरॉन याचा पाडाव हे सांगितले जाते.