लाकूड कुठवर?

कोरपन्याकडच्या जुन्या घरांत शिकारीची छायाचित्रे सापडतात. पाहणारे वाघाकडे पाहतात. मी बंदुकीच्या नळीखालचे लाकूड कुठे संपते ते पाहतो.

फौजेची 1907 सालची 303 ली-एनफिल्ड घ्या. नळी सुमारे 25 इंचांची आणि लाकूड थेट तोंडापर्यंत, वरूनही लाकडी झाकण. मिनिटाला पंधरा गोळ्या झाडणाऱ्या शिपायाचा हात तापलेल्या नळीने भाजू नये, म्हणून. शिकाऱ्याला एखाद-दुसरी गोळी पुरे. त्याला हे नुसते ओझे. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगते, नळीला रेटते आणि नेम सरकतो. आमच्याकडच्या पावसात हे लहान दुखणे नव्हे! म्हणून शिकारी रायफलीचे लाकूड निम्म्यावरच थांबते. पुढे इशापूरच्या कारखान्याने 315 ची शिकारी रायफल काढली, तिचेही तसेच. 303 हे फौजेचे काडतूस, सामान्य परवानेदाराला वर्ज्य.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या अदिलाबाद जिल्ह्यात होता. 1959 साली तो चांद्याला जोडला गेला. एका छायाचित्रामागे ‘रझाकाराची लष्करी रायफल’ असे कुणीतरी लिहिले आहे, आणि त्या घराला तो बट्टा अजून चिकटला आहे. चित्रातले लाकूड मात्र निम्म्यावर संपते. लाकूड करवतीने कापताही येते, हे खरे. पण इथे त्याचे टोक कारखान्यातल्यासारखे गोल घासलेले दिसते. माझ्या मते ती शिकारीचीच रायफल.