बनावट बियाणे : एक पाकीट, दोघांची फसवणूक

बुलडाणा हा कापूस आणि सोयाबीन पिकविणारा जिल्हा. नामांकित कंपनीची नक्कल केलेल्या पाकिटातून निकृष्ट बियाणे विकले गेले, तर कंपनीचे नाव आणि शेतकऱ्याचा हंगाम दोन्ही बुडतात. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०३ नुसार खोटे चिन्ह वापरणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ११५ नुसार पोलिस उपअधीक्षक वा वरिष्ठ अधिकारी निबंधकांचे मत घेऊन वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतात.

मात्र, या कारवाईने शेतकऱ्याचे नुकसान भरून निघत नाही. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले. सगळे बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याने नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाही न्यायालयाने अमान्य केली. तरीही पक्की पावती, रिकामे पाकीट, त्यावरील लॉट क्रमांक आणि उगवण न झाल्याचा पंचनामा हाच तक्रारीचा खरा आधार असतो.