स्वादुपिंडातील पिशवी

जठराच्या मागे, कण्यापुढे आडवे पडलेले स्वादुपिंड वैद्याच्या हाताला सहसा लागत नाही. त्यात द्रवाची पिशवी, जिला डॉक्टर सिस्ट म्हणतात, झाली तरी ती बेसुमार वाढेपर्यंत कोणास कळत नसे. आणि कळली तरी ती कशाची, हे उमगत नसे. १८८१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे नेथन बोझमन या शस्त्रवैद्याने एका स्त्रीच्या पोटातील पिशवी बीजकोशाची समजून शस्त्रक्रिया केली. पोट उघडल्यावर ती स्वादुपिंडातून निघालेली दिसली! तिचे वजन २० पौंडांवर होते.

त्याच सुमारास प्रागमध्ये कार्ल गुसेनबावर यांनी निराळी वाट धरली. पिशवी समूळ काढण्याचा हट्ट न धरता तिची कड पोटाच्या त्वचेला शिवून त्यांनी द्रव बाहेर वाहू दिला. स्वादुपिंडाच्या दाहानंतर साचणाऱ्या पिशव्यांना हा उपाय लागू पडे.

परंतु सर्व पिशव्या एका जातीच्या नव्हत्या. १९७८ मध्ये अमेरिकेतील कोम्पान्यो आणि ओर्टेल यांनी दाखविले की पाण्यासारख्या द्रवाच्या बारीक कप्प्यांची पिशवी बहुधा निरुपद्रवी असते. बुळबुळीत श्लेष्म्याने भरलेली मात्र पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकते.

निदान एवढे सूक्ष्म होत असतानाच पेच वाढला. १९७१ मध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रोग्याचे चित्र घेतले, आणि पुढे मूतखड्यासाठी तपासून घेणाऱ्या माणसालाही स्वादुपिंडातील पिशवीची वार्ता मिळू लागली. काल निरोगी असलेला गृहस्थ आज रोगी ठरला. कापावे, तर स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया अवघड. ती जिवावर बेतू शकते, नंतर मधुमेहही जडू शकतो. न कापावे, तर कर्करोगाची टांगती तलवार.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेंदाई येथील तज्ज्ञांच्या नियमांत ३ सेंटिमीटरांहून मोठी श्लेष्म्याची पिशवी काढावी, असा कल होता. काढलेल्या पुष्कळ पिशव्यांत कर्करोग आढळला नाही. म्हणून २०१२ च्या फुकुओका नियमांनी केवळ आकारावर शस्त्र चालविणे थांबविले. आता कावीळ, १० मिलिमीटर वा अधिक फुगलेली मुख्य नलिका, आतील घट्ट गाठ, ही चिन्हे निर्णायक मानतात. एरवी ठरावीक अंतराने एम. आर. आय. काढतात. शंका वाटल्यास घशावाटे दुर्बीण उतरवून ध्वनिलहरींनी पाहतात, सुईने द्रवही काढतात.

ही राखण किती वर्षे चालावी, यावर मात्र वाद आहे. २०२४ च्या क्योतो नियमांत २० मिलिमीटरांहून लहान, ५ वर्षे न बदललेल्या पिशवीची तपासणी थांबविण्याचा पर्यायही आला आहे. कित्येक तज्ज्ञ तो अद्याप स्वीकारीत नाहीत.