रस्त्यावर पडलेला माणूस कोणाचा?

या मालिकेत आपण लढाया, किल्ले, तह यांवर बरंच बोललो. आज विषय जरा वेगळा आहे. आज रस्त्याचा इतिहास सांगणार आहे, आणि त्या रस्त्यावर मरणाऱ्या माणसांचा. लढाईत माणसं गेली की त्यांची नावं दगडावर कोरतात. रस्त्यावर गेली की पंचनामा होतो आणि आपण म्हणतो, त्याची वेळ आली होती. ही 'वेळ' कोण आणतं, आणि ती टाळता येते का, हे आज पाहायचं आहे.

निमित्त कुंभकोणमचं. तंजावरपासून साधारण 40 किलोमीटरवर, कावेरीकाठचं हे देवळांचं गाव. मराठी माणसाला ते परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत तिथल्या गादीवर भोसले होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचं दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमच्याच मराठी घराण्यात जन्मले. आजही त्या भागात घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत.

तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय पाहून मी भाड्याच्या गाडीनं कुंभकोणमकडे येत होतो. दारासुरम नुकतंच मागे पडलं होतं. दिवेलागणीची वेळ. रस्त्याच्या कडेला, निम्मा डांबरावर, पेंढ्यानं भरलेला ट्रॅक्टरचा ट्रेलर उभा होता. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्या बसचे दिवे डोळ्यांवर येत होते. आमच्या पुढे एक मोटारसायकल होती. पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. हेल्मेट होतं त्याच्याकडे, पण आरशाला अडकवलेलं. ब्रेकचा आवाजसुद्धा आला नाही. थेट धडक.

मी उतरून धावलो. तो बेशुद्ध होता, श्वास घरघरत होता. डोकं आणि मान एका रेषेत धरून ठेवली, जबडा पुढे घेतला, तेव्हा श्वास थोडा मोकळा झाला. माझ्या ड्रायव्हरनं 108 ला फोन लावला. तोवर तीस-चाळीस माणसं जमली होती. काहीजण मोबाईलवर चित्रीकरण करत होते. एकजण पाण्याची बाटली घेऊन आला, दोघंजण त्याला हातापायांना धरून रिक्षात घालायला निघाले. मला तमिळ येत नाही. मी मराठीतच ओरडलो, "उचलू नका, पाणी पाजू नका!" आणि गर्दीतून मराठीत उत्तर आलं. सत्तरीचे एक गृहस्थ होते. तंजावरची ती जुनी मराठी, तमिळ हेल असलेली. निम्मी समजली, निम्मी अंदाजानं. मी सांगत गेलो, ते तमिळमध्ये लोकांना समजावत गेले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. मानेला इजा असेल तर ओढाताणीत ती वाढते. हे कळल्यावर तीच गर्दी कामाला लागली. ज्यांच्या हातात मोबाईल होते ते टॉर्च लावून रस्त्यावर उभे राहिले आणि गाड्या वळवू लागले. अँब्युलन्स आली. पण तो मुलगा त्याच रात्री गेला. दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा समजलं.

त्या मृत्यूची तीन कारणं मला समोर दिसत होती: डोक्यावर नसलेलं हेल्मेट, हात लावायला कचरणारी गर्दी आणि दिव्याशिवाय उभा असलेला ट्रेलर. तिन्हींना इतिहास आहे.

आधी हेल्मेट. 13 मे 1935 रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', आपल्या मोटारसायकलवरून घरी निघाले होते. समोर सायकलवर दोन मुलं आली, त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्याला मार लागला. सहा दिवसांनी, 19 मे रोजी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे मेंदूशल्यचिकित्सक होते. हा माणूस नुसता हळहळला नाही. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी मोजायला घेतलं. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 2,279 मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक रस्त्यावर मेले होते. शत्रूच्या गोळीनं नव्हे. ब्लॅकआउटचे अंधारे रस्ते, निरोप पोहोचवणारे लष्करी डिस्पॅच रायडर आणि उघडी डोकी. हेल्मेट घातलेले फक्त सात जखमी केर्न्स यांच्या पाहण्यात आले होते आणि ते सातही वाचले होते. 1941 साली त्यांनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्करानं ड्यूटीवरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी तो कायदा ब्रिटनमध्ये यायला 1973 उजाडलं. केर्न्स 1952 मध्येच गेले होते.

म्हणजे बघा, लष्करात जे काही महिन्यांत झालं, त्याला नागरी जीवनात बत्तीस वर्षं लागली. आपल्याकडेही तेच. छावणीच्या गेटवर हेल्मेट नसेल तर मोटारसायकल आत सोडत नाहीत आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. पण तोच जवान रजेवर गावी गेला की हेल्मेट खुंटीवर राहतं. सीमेवरून सुखरूप आलेला जवान गावच्या रस्त्यावर मोटारसायकल अपघातात गेला, असे फोन सेवेत असताना मी एकाहून अधिक वेळा घेतले आहेत. त्या घरच्यांना काय सांगायचं, हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये हेल्मेट आहेच. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 जुलै 2015 पासून ते पुन्हा कडक झालं. आपल्या पुण्यात 2019 च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध आंदोलन झालं. आता आकडा ऐका. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतले 74,897 दुचाकीवरचे. हेल्मेट न घातलेले 50,029, आणि त्यांत 14,337 मागे बसलेले. मागे बसलेली म्हणजे कोण? बहुतेकदा कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचं शाळकरी पोर.

आता दुसरं कारण, गर्दी. कुंभकोणमच्या त्या आजोबांना मी विचारलं, इतके लोक होते, आधी कुणी हात का नाही लावला? ते म्हणाले, हात लावला की पोलीस आणि कोर्ट मागे लागतं. ही भीती खोटी नव्हती. एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीनं उडवलं. पाहणाऱ्या एका भल्या माणसानं त्याला रुग्णालयात नेलं. तिथं सांगितलं, ही पोलीस केस आहे, 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. वाटेतच तो मेला. वर्तमानपत्रातल्या या बातमीवरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. 1989 मध्ये न्यायालयानं सांगितलं की आधी जीव वाचवा, कागदपत्रं नंतर. आणि हे प्रत्येक डॉक्टरला लागू आहे, सरकारी असो वा खासगी. मदत करणाऱ्या नागरिकाला संरक्षण मिळायला मात्र आणखी 27 वर्षं गेली. सेव्हलाईफ फाउंडेशनच्या याचिकेवर 30 मार्च 2016 रोजी न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीनं कलम 134अ कायद्यात आलं. आज जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. कायदा बदलला, पण भीती अजून जुन्या कायद्यातच राहते.

तिसरं कारण तो ट्रेलर, म्हणजे रस्ता आणि राज्य. इथं सरफोजीराजे दुसरे आठवतात. 1799 मध्ये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला आणि थोडंफार उरलं. अशा वेळी, 1801 साली, त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिलं. विषय काय, तर रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवरची छत्रं. आपण अन्नछत्र म्हणतो, तोच हा शब्द. प्रत्येक जातीच्या वाटसरूला तिथं जेवण मिळत असे. मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलं असेल तर बोलावत. छत्रावर वैद्य असे, सर्पदंशावर इलाज करणारा. आजारी पडलेल्याला बरं होईपर्यंत ठेवून घेत. वाटेत मेलेल्याचे अंत्यविधी होत आणि अनाथ झालेल्या त्याच्या मुलांना छत्रातच वाढवत, शिकवत. ओरतनाडूचं मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे. सत्ता गेलेला राजा कंपनीला सांगत होता, की बाकी घेतलंत ते घेतलंत, वाटसरूची जबाबदारी मोडू नका.

याच भूमीत 18 डिसेंबर 2021 रोजी तमिळनाडू सरकारनं 'इन्नुयिर काप्पोम, नम्मै काक्कुम 48' ही योजना सुरू केली. अपघातानंतर पहिल्या 48 तासांचा उपचार मोफत, जखमी कुठल्याही राज्याचा असो. 2025 मध्ये केंद्रानं देशभर दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना आणली. मला यात सरफोजीराजांच्या छत्राचा वारसा दिसतो. आणि मनावर घेतलं तर मृत्यू कमी होतात, हेही तमिळनाडूनं दाखवलं. 2016 मध्ये तिथं रस्त्यांवर 17,218 माणसं मेली होती, 2018 मध्ये 12,216. दोन वर्षांत पाच हजार जीव. पण 2022 मध्ये आकडा पुन्हा 17,884 झाला. लष्करात आम्ही म्हणतो, जिंकलेली चौकी राखावी लागते. रस्त्याचंही तसंच आहे.

म्हणून मला वाटतं, रस्त्यावरचा मृत्यू हे विधिलिखित नाही. ज्यांनी मोजलं आणि जबाबदारी घेतली, तिथं तो कमी झाला. ज्यांनी नशिबावर सोडलं, तिथं तो तसाच राहिला.

ऐकणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. आयएसआय खुणेचं हेल्मेट घाला आणि पट्टा बांधा. पट्टा न बांधलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत डोक्याच्या आधी उडतं. मागे बसणाऱ्यालाही द्या. आपल्या शेतातला ट्रेलर असेल तर मागे रिफ्लेक्टर आजच लावा, काही रुपयांचं काम आहे. आणि रस्त्यावर कुणी पडलेला दिसला तर थांबा, 108 लावा, मान हलवू नका, पाणी पाजू नका, मागून येणाऱ्या गाड्या थांबवा. तो कोणत्या गावचा, कोणत्या भाषेचा, हे नंतर विचारा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.