धाबं गेलं, बिल आलं

जामनेरच्या जुन्या गल्ल्यांत अजून काही धाब्याची घरं उभी आहेत. सरकारी कागदावर ती 'कच्ची'. पण मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की या कच्च्या घरात पंख्यावर भागतं, आणि शेजारच्या पक्क्या घरात रात्री बारालाही स्लॅब आग ओकतो. हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे.

धाब्याचं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी खांब, कड्या, त्यावर काटक्या-पाला आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे पांढरी माती. दर पावसाळ्याआधी नवी खारी टाकून चोपायची. (लोक नियम धाब्यावर बसवतात म्हणे; आमच्याकडे धाब्याचेच नियम कडक. एक वर्ष खारी चुकली की घर गळालंच!) दुपारचं ऊन एवढ्या मातीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो. शिवाय पांढरी माती बरंच ऊन परतवते.

मग वीज आली. 1960 मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं, 1968 मध्ये शेजारच्या भुसावळ तालुक्यात दीपनगरचा पहिला संच सुरू झाला. 1985 पासून इंदिरा आवास. धाबं ही गरिबीची खूण ठरली. लोकांनी ती घरं उगाच सोडली नाहीत. अतिवृष्टीत भिंत कोसळून माणसं दगावायची, वाळवी कड्या खायची, लाकूड महागलं, खारी टाकणारे हात मिळेनात. पक्कं घर हवं होतं, ते योग्यच होतं. घोळ एवढाच झाला की सपाट छत तसंच ठेवलं आणि त्यावरची माती काढली. चार-पाच इंचांचं उघडं काँक्रीट मातीपेक्षा दुपटीच्या आसपास वेगानं उष्णता आत सोडतं. ती भरपाई आपण महावितरणला देतोय.

म्हणून माझं म्हणणं, एसीचा हप्ता सुरू करण्याआधी पैसे छतावर घाला. अहमदाबादला 2010 च्या मे महिन्यात उष्णतेनं शेकडो लोक गेले. 2013 मध्ये त्यांनी उष्णता कृती आराखडा केला, पुढे 2017 मध्ये वस्त्यांमधली छतं चुन्यानं पांढरी केली. आपली खारी हेच करत होती. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून चिकटद्रव्य घातलेल्या चुन्याचे दोन हात द्या. खर्च मुख्यतः मजुरीचा. पावसानं धुपतो, त्यामुळे दर मार्चमध्ये पुन्हा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या किंवा हिरवी जाळी. आतला पडदा लावेपर्यंत ऊन काचेतून घरात आलेलं असतं.

बल्बचं काम झालंच आहे. सरकारी खरेदीत 2014 ला 310 रुपयांना पडणारा एलईडी 2016 ला 38 वर आला. आता पंखा बघा. जुना 75 वॅट खातो, बीएलडीसी 30-35. आणि आपल्या कोरड्या हवेत कुलर उत्तम चालतो, साधारण 200 वॅटवर. दीड टनी एसीला 1500 लागतात. फक्त कुलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट होतं.

ज्यांचं धाबं अजून शाबूत आहे त्यांनी मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि भिंत आतून खचत जाते. माती-शेणाचा गिलावाच करा, वर चुना. आणि पावसाआधी कड्या जाणत्या सुताराकडून ठोकून तपासून घ्या.